सरळ चालता येतं का तुम्हाला?

नमस्कार श्रोतेहो. रानात, डोंगरात, वाळवंटात भटकायला शिकायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात बूट आणि सॅकच्या खरेदीपासून होते. मी मात्र आज सरळ रेषेत चालण्याबद्दल बोलणार आहे. नवशिक्याला हेच जमत नसतं, आणि जमत नाहीये हे त्याला कळतही नसतं.

जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. सहा जणांना एका मोठ्या, सपाट जंगलात नेलं. सूचना एवढीच, की नाकासमोर सरळ चालत राहायचं, काही तास. प्रत्येकाच्या अंगावर जीपीएस. चौघं चालले ढगाळ हवेत, दोघं उन्हात. उन्हातले दोघं जवळजवळ सरळ गेले. ढगाळ हवेतले चौघंही गोल फिरले! त्यातल्या तिघांनी तर स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आपल्या मते ते सरळच चालले होते.

मग वाळवंट. ट्युनिशियात, सहाराच्या वाळूत, एक जण पौर्णिमेच्या रात्री चालत होता. चंद्र दिसत होता तोवर गडी सरळ. चंद्र ढगाआड गेला, आणि हा वळत वळत आला त्याच दिशेला परत फिरला. डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलेल्यांची तर आणखी गंमत. काहींची वर्तुळं २० मीटरपेक्षाही लहान व्यासाची निघाली.

चकवा लागतो म्हणतात तो हाच. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एका बाजूला ओढला जातो, असं अनेकांना वाटतं. पण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. म्हणजे दोष पायांचा नाही. ‘सरळ’ कुठे, याचा अंदाज पावलागणिक जरा जरा चुकतो आणि चूक साठत जाते. पुन्हा सांगतो: सूर्य, चंद्र, लांबची खूण, काहीच दिसत नसेल तर आपण वळतो, आणि वळतोय हे कळत नाही.

आता उपाय. समोरचं एक झाड धरून चालू नका. झुडपं चुकवताना तुम्ही बाजूला सरकता, तोंड मात्र झाडाकडेच राहतं, आणि रेषा मोडते. एकामागे एक अशी दोन झाडं धरा आणि ती एकमेकांवर झाकलेली ठेवून चाला. जवळचं झाड गाठण्याआधी लांबच्या झाडामागे त्याच रेषेत तिसरं हेरा. दोन खुणा, एका ओळीत. धुक्यात झाडच दिसत नसेल तर साथीदाराला पुढे पाठवा, होकायंत्रावर बघून त्याला डावीकडे-उजवीकडे सरकवा, रेषेत आला की थांबवा आणि त्याच्यापर्यंत जा. काम संथ आहे, पण खात्रीचं. वाळूत मागे वळून स्वतःच्या पावलांची रांग बघा, वाकलेली लगेच दिसते.

होकायंत्र बघताना फोन हातभर लांब. फोनच्या कव्हरातलं इवलंसं चुंबकसुद्धा काटा हलवतं. (स्पीकरवर गाणी लावून रानात शिरणाऱ्यांनी फोन त्याहूनही लांब ठेवावा, शक्यतो घरी.)

आणखी एक युक्ती. तंबू नदीकाठी आहे, अंतर १ किलोमीटर. थेट तंबूच्या रोखाने निघालात आणि ५ अंशांची चूक झाली, तर सुमारे ८७ मीटर बाजूला पोचाल. गवतात तंबू दिसणार नाही, आणि तो डावीकडे राहिला की उजवीकडे, हेही कळणार नाही. म्हणून रोख मुद्दाम १० अंश डावीकडे धरा. नदी लागली की डोळे झाकून उजवीकडे वळा.

अंतरासाठी पावलं मोजा, फक्त डावा पाय टेकेल तेव्हा. १०० मीटरला मोठ्या माणसाचा आकडा साधारण ६० ते ७० येतो. चढावर, वाळूत, दाट झुडपात तो वाढतो, म्हणून प्रत्येक जमिनीवर तो वेगळा मोजून ठेवा. गटात मोजणारा गप्पिष्ट नसावा, हे माझं ठाम मत.

एवढं करूनही वाट चुकलीच, तर चालणं थांबवा. शिट्टी गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नको. एका मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर गप्प राहून कान द्या, परत सहा. उत्तर येतं मिनिटाला तीन शिट्ट्यांचं. ते आलं म्हणून थांबायचं नाही. शोधणारे नजरेस पडेपर्यंत वाजवत राहायचं, कारण दरीत आवाज कुठून आला हे त्यांनाही चटकन कळत नाही.