थवन दच्चनी : माराच्या सैन्याचा चित्रकार

(दृश्य : काळ्या लाकडी वास्तूचं मुख्य दालन)

टेबलभर अंथरलेलं अजगराचं लांबच लांब कातडं. भोवती म्हशींच्या शिंगांच्या खुर्च्या. उत्तर थायलंडमधलं चियांग राय शहर, आणि त्याच्या उत्तरेला हे ‘बान दाम’, म्हणजे काळं घर. लहानमोठ्या सुमारे ४० इमारतींचा हा परिसर चित्रकार थवन दच्चनी यांनी कित्येक वर्षं खपून उभा केला.

थवन १९३९ साली चियांग रायमध्येच जन्मले. बँकॉकच्या शिल्पाकॉर्न विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते मूळचे इटालियन शिल्पकार शिल्प भीरश्री. हात तयार असलेल्या या विद्यार्थ्याला गुरूंनी एकदा चांगलंच सुनावलं. तुझा मासा दिसतो माशासारखा, पण त्याला माशाचा वास नाही. तुझे पक्षी उडत नाहीत. हे बोल थवन यांना कायमचे लागले. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला शिकून ते परतले, तेव्हा त्यांच्या कॅनव्हासवरचे प्राणी अंगावर येत होते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, बँकॉक)

१९७१. बँकॉकमधल्या प्रदर्शनात काही तरुण घुसले आणि त्यांनी चित्रं फाडली. बुद्धाचा अपमान झाला, हा त्यांचा राग. पवित्र प्रतिमांशेजारी नागडी, पिळदार शरीरं आणि जनावरांची तोंडं त्यांना सहन झाली नाहीत.

खरं तर ही जनावरं बौद्ध कथेतलीच आहेत.

(दृश्य : अजिंठा, लेणी क्रमांक २६)

आपल्या अजिंठ्यात हा प्रसंग कोरलेला आहे. ध्यानस्थ सिद्धार्थाला उठवायला मार, म्हणजे बौद्ध कथेतला मोहात पाडणारा असुर, सैन्य घेऊन येतो. सोबत त्याच्या मुलीही. सिद्धार्थ बोटांनी भूमीला स्पर्श करतो, तिला साक्षीला बोलावतो. थाई मंदिरांत हाच प्रसंग बहुधा बुद्धमूर्तीच्या समोरच्या भिंतीवर रंगवतात. थाई कथेत धरणीमाता केस पिळते आणि त्या पुरात माराचं सैन्य वाहून जातं.

भिंतीवरच्या त्या गर्दीत हत्ती, राक्षस, पशुमुखी योद्धे इवलेसे असतात. थवन यांनी त्यांनाच भिंतीएवढं मोठं केलं. काळा, लाल, सोनेरी. वासना, राग, भीती किती ताकदीची असते, हे आधी दिसू दे. त्याशिवाय बुद्धानं नेमकं काय जिंकलं ते कसं कळणार? त्यांची चित्रं मला अशी दिसतात, आणि म्हणूनच ती मला श्रद्धेची चित्रं वाटतात.

(दृश्य : मोठ्या ब्रशचे वेगवान फटकारे)

२००१ साली थायलंडनं त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ म्हणून गौरवलं. त्याच वर्षी जपानमधला फुकुओका पुरस्कारही मिळाला. ३ सप्टेंबर २०१४ रोजी ते गेले.

चियांग रायला येणारे बहुतेक प्रवासी शहराच्या दक्षिणेचं पांढरंशुभ्र वाट रोंग खुन मंदिर पाहतात. तेही एका चित्रकारानंच बांधलंय, चालेमचाई कोसितपिपत यांनी. ते जरूर पाहा. पण काळ्या घरासाठी वेगळा अर्धा दिवस राखून ठेवा.