शिंपल्यापासून भिंतीपर्यंत: चुन्याचा फेरा

नमस्कार श्रोतेहो.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. पायात शिसं ओतलं, वर बांधकामाला चुना वापरला. दोन्ही लावताना मऊ आणि नंतर घट्ट. पण शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि थंड झालं की गोठतं; आधीही शिसं, नंतरही शिसंच. हा भौतिक बदल. चुन्याचं घट्ट होणं अगदी वेगळं आहे, आणि आज त्याबद्दलच बोलायचंय.

उलटवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक, अशी खूण मुलं पाठ करतात. मिठागरात ती चालते: मीठ पाण्यात विरघळवा, पाणी आटवा, मीठ परत हजर. शिंपल्यापाशी मात्र ती फसते.

तिसऱ्यांची, कालवांची कवचं म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. कुटलीत तर भुकटी होईल, पदार्थ तोच. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजलीत की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कवच शुद्ध धरलं तर १०० किलोमागे ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. शिंपल्याचा आकार बराचसा तसाच दिसतो, हाताला तेवढा हलका लागतो.

ही कळी पुढे पाण्यात टाकून विरवायची असते. भाजताना आच कमी पडली तर गाभा कच्चा राहतो आणि पाण्यात न विरता खडा म्हणून उरतो. तो चाळून काढता येतो. आच जास्त झाली तर त्रास मोठा, कारण करपलेली कळी फार सावकाश विरते. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना दिसायला झकास असतो, पण ती कळी भिंतीत गेल्यावर महिन्यांनी फुगते आणि गिलाव्याचे टवके उडवते. म्हणून विरलेला चुना गाळून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

५६ किलो कळी विरायला हिशोबाने १८ किलो पाणी पुरतं. प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं, कारण उष्णता इतकी सुटते की पाणी उकळून वाफ होते. तेव्हा कळी पाण्यात थोडी थोडी सोडा. कळीच्या ढिगावर पाणी ओतू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. प्लास्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते, ॲल्युमिनियमचं भांडं चुना खातो आणि हायड्रोजन सुटतो. लोखंडी पिंप घ्या.

आता आपल्याकडे ७४ किलो विरलेला चुना आहे. भिंतीवर गेला की तो हवेतला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट होतो. शिंपल्यात होता तोच पदार्थ! फेरा पुरा झाला, तरी तिन्ही टप्पे रासायनिक, कारण प्रत्येक टप्प्यावर नवा पदार्थ तयार झाला. विचारायचं ते हेच: पदार्थ बदलला का?

या शेवटच्या टप्प्यावरच आपल्याकडची कामं बिघडतात. वायू आधी ओलाव्यात विरघळतो, मगच चुन्याशी जुळतो. वैशाखाच्या उन्हात गिलावा झटकन सुकला तर ओल संपते आणि चुना भुसभुशीत राहतो. आषाढात भिंतीची छिद्रं पाण्याने भरली की वायूला आत वाटच नाही. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस चांगले. ओलं गोणपाट लावून भिंत काही दिवस दमट ठेवावी. जाड थराच्या आतला चुना घट्ट व्हायला वर्षंही लागतात.

घरी पाहायचं असेल तर विड्याचा चुना वाटाण्याएवढा घ्या, पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता. लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, म्हणून तळाशी गाळ राहणारच. निवळीत नळीने हळूहळू फुंका. चुकूनही ओढू नका, मुलं असतील तर शेजारी मोठं माणूस हवं. निवळी दुधाळ होईल: भिंतीत होतो तोच बदल. फुंकत राहिलात तर ती पुन्हा नितळ होते, कारण जास्तीच्या वायूने विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. ते पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा, वायू निघून जाईल आणि पांढरा साका परत दिसेल.