सात पोरं आणि एक ट्रॉम्बोन

नमस्कार श्रोतेहो.

जवळ टेबल असेल तर त्यावर बोटानं ठेका धरा. एक, दोन, तीन, चार. आता दर दोन आकड्यांमध्ये 'आणि' म्हणा. एक आणि दोन आणि. बोट आकड्यावर पडू दे, अन् गिटारचा झटका त्या 'आणि'वर पडतोय असं समजा. झालं, स्का संगीताचं निम्मं गुपित तुमच्या हाती आलं. हा ठेका जमैकाचा. पुढे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री या मोटार कारखान्यांच्या गावातल्या सात जणांनी त्यात पंकचा, म्हणजे तिथल्या रांगड्या, आरडाओरड्याच्या रॉक संगीताचा, वेग आणि राग ओतला. पाच गोरे, दोन काळे, सगळे विशीतले. बँडचं नाव 'द स्पेशल्स'. म्होरक्या जेरी डॅमर्स, पाद्र्याचा मुलगा आणि जन्मानं आपल्या उटीचा!

१९७९ सालचं त्यांचं पहिलं गाणं 'गँगस्टर्स' ऐकलंत तर दम लागेल. सगळे एकदमच धावताहेत. पोरवयात असंच असतं, थांबलो तर लोक निघून जातील अशी भीती. त्याच वर्षी पहिल्या अल्बमसाठी त्यांनी जमैकन ढंगाचं एक जुनं गाणं निवडलं, 'अ मेसेज टू यू, रूडी'. आणि ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवायला बोलावलं रिको रॉड्रिगेझला.

रिकोबुवांची (बुवा म्हणावं असाच माणूस) गोष्ट ऐका. जन्म हवानाचा, वाढले जमैकातल्या किंग्स्टनमध्ये. तिथल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये कॅथलिक नन्स गरीब मुलांना सांभाळत आणि शाळेच्या बँडमध्ये वाद्यं शिकायला मिळत. जमैकाचे कितीतरी वादक तिथूनच निघाले. रिको १९६१ साली इंग्लंडला आले. आता गंमत बघा. हे 'रूडी' १९६७ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं, तेव्हाही ट्रॉम्बोन रिकोंचाच होता! बारा वर्षांनी पंचेचाळिशीतला हा माणूस पोरांमध्ये उभा राहून त्याच गाण्यात पुन्हा ट्रॉम्बोन वाजवतो, अजिबात घाई न करता.

वरातीच्या बँडमुळे पितळी वाद्यं म्हटली की आपल्या डोक्यात दणदणाट येतो. ट्रॉम्बोनला मात्र बटणं दाबायची नसतात. लांब नळी हातानं पुढेमागे सरकवायची, म्हणून सूर सुरात घसरत जातो, जवळजवळ आपल्या मींडेसारखा. हा घसरता सूर पंकच्या घाईत मावत नाही. त्याला जागा करून द्यावी लागते. माझ्या मते या पोरांचं मोठं होणं म्हणजे ही जागा करायला शिकणं.

दुसरा अल्बम १९८०चा. डॅमर्सला हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं गुळगुळीत संगीत खुणावू लागलं, आणि बँडमध्ये कुरबुरी सुरू झाल्या. अल्बम मला अर्धाच आवडतो, ते सोडा.

खरी उडी १९८१ची, 'घोस्ट टाउन'. कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. दौऱ्यावर असताना ग्लासगोच्या रस्त्यावर म्हाताऱ्या बायका घरातल्या कपबशा विकायला बसलेल्या डॅमर्सनं पाहिल्या. बँडमधल्या काळ्या गिटारवादकाला वर्णद्वेष्ट्यांनी मारहाण केली होती. अशा वेळी दोन वर्षांपूर्वीची ही पोरं किंचाळली असती. इथे त्यांनी लय संथ केली, गाडी डबक्यातून हळू न्यावी तशी. लेमिंग्टनच्या एका छोट्या स्टुडिओत फक्त आठ ट्रॅकवर (म्हणजे आवाजांच्या आठच वेगळ्या पट्ट्यांवर) हे गाणं मुद्रित झालं. सुरुवातीला वारा, मग सर्कशीतल्यासारखा ऑर्गन, आणि पितळी वाद्यं येतात ती कुणी लांबून हाक मारावी तशी. जुलैत लिव्हरपूलसह अनेक शहरांत दंगली पेटल्या, आणि त्याच दिवसांत हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, सलग तीन आठवडे.

तेवढ्यात बँड फुटला. टीव्हीवर तेच गाणं सादर करायला गेले असताना, मेकअपच्या खोलीत, तिघांनी आपण चाललो म्हणून सांगितलं.

गाणं शोधाल तेव्हा बारा इंची तबकडीवरची लांब आवृत्ती शोधा. तिच्यात रिकोंना मोकळं रान दिलंय. गायक गप्प होतात, बास तेवढा चालत राहतो आणि म्हातारबुवा नळी सरकवत सावकाश पुढे निघतात.