तळातलं गार पाणी

नमस्कार श्रोतेहो.

चैत्रात विहिरीत मुटका मारला की काय होतं, हे तुमच्यातल्या निम्म्या मंडळींना सांगायला नको. वरचं हातभर पाणी कोमट, म्हशीनं डुंबावं असं. आणखी खाली गेलं की पायाच्या घोट्याला एकदम गार पट्टा लागतो. वरचं ऊन तिथवर पोचलेलंच नसतं. आमची विहीर साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीसारखी ऐसपैस नव्हे. ती 110 फूट खोल, ही साधी कातळात खणलेली, पाच परस. पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधून मी तिथं पोहायला शिकलो. बिंडा सुटल्यावर पुढची परीक्षा एकच असायची, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. त्या गार पट्ट्यातून खाली जाताना कान दुखायचे. चुलते वरून ओरडायचे, “नाक धरून फुंकर मार की!” पुढं पैसे भरून स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुड्या मारायला शिकलो, तेव्हा गोऱ्या शिक्षकानं पहिल्या तासाला हेच शिकवलं.

नोकरीनिमित्त मी चार वर्षं इंग्लंडात लेस्टरला होतो. तिथं आमची तिघांची टोळी जमली. एक कराडचा. दुसरा विट्याचा, घरचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, बालपण सगळं केरळात गेलेलं. तिसरा मी. तिघांनाही पाण्याचा नाद. फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही जवळच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत बुड्या मारायला गेलो. खाण बंद झाली की उपसा थांबतो, झरे भरतात, आणि डोंगर फोडलेल्या जागी खोल, हिरवं, गप्प पाणी उभं राहतं. आपल्याकडं क्रशरच्या खाणीत साठतं तसंच, पण कितीतरी खोल.

पाणी 5 अंश होतं. तळालाही साधारण तेवढंच. गोडं पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून वर बर्फाचा पापुद्रा धरला तरी तळाचं पाणी 4 अंशांच्या आसपासच राहतं. ऐकायला 5 म्हणजे फार वाटत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत त्याहून कमी असतं, तरी लोक कणीस खात फिरतात. पण ती हवा. पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं. त्यामुळं तिथं कोरडा सूट घालतात. गळ्याला आणि मनगटाला रबराची घट्ट पट्टी, आत पाण्याचा थेंब जात नाही, आणि आतून जाड लोकरी कपडे. आईनं पाठवलेलं माणदेशी घोंगडं मी आत गुंडाळणार होतो, कराडच्यानं हात जोडले म्हणून राहिलं. उघडे राहतात ते ओठ आणि गाल. पहिलं मिनिटभर कपाळात अशी कळ येते की बर्फाचा गोळा घाईनं खाल्ल्याची आठवण व्हावी. मग ओठ बधिर होतात आणि तक्रार संपते.

शनिवारी आम्ही 30 मीटरला गेलो. दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वरचं एक आणि पाण्याची तीन, म्हणजे 30 मीटरला चारपट. विट्याच्यानं बूच घट्ट लावलेली प्लॅस्टिकची रिकामी बाटली कमरेला बांधली होती. खाली जाता जाता ती चुरगळत गेली. तळाला आतली हवा पावपट जागेत बसली होती, बाटली वाळक्या भेंडीसारखी दिसत होती. वर येताना ती पुन्हा फुगली. पुस्तकातला बॉईलचा नियम मी दोनदा घोकला होता, समजला त्या दिवशी.

तोच हिशेब श्वासाचा. पाठीवर 12 लिटरची टाकी, त्यात 232 बार दाबानं भरलेली हवा (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण), म्हणजे ढोबळ 2,800 लिटर. वर मिनिटाला 20 लिटर लागली तर दोन तास पुरावी. 30 मीटरला प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते. पस्तीस मिनिटांत टाकी रिकामी. आणि गारठ्यात, घाबरल्यावर माणूस धापा टाकतो, तेव्हा तेवढंही नाही.

त्या खोलीवर आणखी एक गंमत होते. दाबाखालचा नायट्रोजन डोक्यात चढतो. होळीला कुणी थंडाईतून भांग पाजली असेल त्यांनी ओळखावं. मी मनगटावरच्या यंत्राकडं बघत होतो, आकडा दिसत होता, टाकीत 110 बार. परत फिरायचं कधी ठरलं होतं? शंभरला. मग 110 मधून 100 गेले किती? श्रोतेहो, मी अभियंता आहे. मला ती वजाबाकी येईना, आणि येत नाही याचं काहीच वाटेना. उलट बरं वाटत होतं. विजेरीच्या उजेडात समोरचा दगड फार सुंदर दिसत होता. कराडच्यानं माझा दंड धरला, अंगठा वर केला. पाण्यात त्याचा अर्थ ‘छान’ असा नाही, ‘वर चल’ असा आहे. दहा मीटर वर आलो आणि डोकं लख्ख झालं, झाकण काढल्यासारखं.

दुपारी काठावर थर्मासमधला चहा आणि साताऱ्याहून आलेले कंदी पेढे. गारठ्यानं पेढा दगड झाला होता. तरी खाल्ला.

रविवारचं सांगायचं म्हणजे माझ्या श्वासाच्या यंत्राचं. टाकीतली दाबाची हवा बाहेर पडताना प्रसरण पावते, म्हणून गार होते. बाहेर पाणीही गार. त्यात मी सूटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं आणि त्याच वेळी मोठा श्वास घेतला. यंत्रातली झडप गोठली ती उघडीच राहिली. 26 मीटरला, तोंडासमोर नळ फुटावा तशी हवा भसाभसा सुटली. काही दिसेना, नुसते बुडबुडे. काटा डोळ्यांदेखत खाली. चूक माझीच होती, दोन्ही गोष्टी एकदम करू नयेत हे शिकवलेलं असतं. विट्याच्यानं स्वतःची जादा नळी माझ्या तोंडात कोंबली, मागं हात घालून माझ्या टाकीची चावी बंद केली. मग आवाज थांबला. इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी मान हलवली. आम्ही एकमेकांचे पट्टे धरून वर निघालो.

आणि इथंच खरी परीक्षा असते. वर उजेड दिसतोय, एका टाकीवर दोघं, जीव म्हणतोय सूट धाव. पण धावायचं नाही. मिनिटाला 9 मीटर, जास्त नाही. आणि 5 मीटरला येऊन तीन मिनिटं थांबायचं. हवा पुरेशी होती, म्हणून थांबलो. दोरी धरली, बोटं लागत नव्हती.

हे थांबणं कशासाठी, हे सांगायला मला गोटी सोडाच सोयीचा वाटतो. बाटलीत वायू दाबानं विरघळलेला असतो, तोवर पाणी स्वच्छ. गोटी एकदम दाबली की फस्स करून फेस वर. खोल पाण्यात नायट्रोजन असाच रक्तामांसात विरघळतो. हळू आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलात तर अंगातच फेस होतो. सांधे मोडून येतात, कधी पाय लुळे पडतात, जीवही जातो. टप्प्याटप्प्यानं वर यायची पद्धत हाल्डेन या शास्त्रज्ञानं 1908 साली मांडली. प्रयोग केले ते बोकडांवर, हे ऐकून कराडच्याला फार वाईट वाटलं होतं.

आता हे सगळं साताऱ्याच्या आकाशवाणीवर कशाला? तर हल्ली आपल्याकडची पोरं मालवणला स्कूबा करायला जातात. जरूर जावं. तिथं नवख्यांना नेतात ते काही मीटरच, त्यात घाबरण्यासारखं फार नाही. पण ज्यांनी रीतसर शिकून खोल बुड्या मारायला सुरुवात केली आहे, त्यांनी घाट विसरू नये. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर. आपलं सातारा शहरही साधारण तितक्याच उंचीवर. सकाळी खोल बुडी, दुपारी मासे, संध्याकाळी आंबोली चढून रात्री घरी, म्हणजे 5 मीटरला जे थांबलात त्यावर पाणी. हवेचा दाब घाटात पुन्हा उतरतो आणि उरलेला नायट्रोजन फसफसतो. विमानासाठी नियम आहे, एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास, दोन-तीन दिवस बुड्या झाल्या असतील तर अठरा. घाटालाही मी तोच लावतो. एक मुक्काम वाढतो. घरचे कुरकुरतात. सुरमईचं ताट आलं की गप्प होतात.

कोयनेत का जात नाही, असंही विचारतात. 13 मार्च 1999 ला शिवसागर जलाशयाच्या पोटात खालून बोगदा नेऊन, शेवटचा खडक सुरुंगानं उडवला आणि धरण रिकामं न करता पाणी काढलं, ते आपल्याच जिल्ह्यात. ते काम होतं. मौजेखातर कुणीही धरणात उतरू नये. आणि तिथली उंची धरली तर किती खोलीवर किती वेळ थांबायचं, हे सांगणारे बुडीचे सगळे तक्ते बदलतात.

मी आपला विहिरीवर खूश आहे. यंदा चैत्रात मनगटाला यंत्र बांधून, नुसत्या छातीभर श्वासावर तळाला गेलो. वर पाणी 30 अंश, तळाला 25. खोली 8 मीटर. लहानपणी वाटायचं पाताळ आहे. गाळाची मूठ घेऊन वर आलो तर काठावर पुतण्या उभा.

“काका, आकडा दाखवा,” म्हणाला. मी मनगट पुढं केलं. त्यानं आधी मुठीतला गाळ बघितला.