बर्फातली झाडे आणि मोंढ्यातला कापूस

पांढऱ्याने झाकलेली जमीन आम्ही परभणीकरांनी यापूर्वी एकदाच पाहिली होती, ती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत. आणि त्या पांढऱ्याखाली उभी ज्वारी आडवी झालेली असल्याने कॅमेरा काढावा असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नव्हते.

या फोटोंतली बर्फाची वाट हिमालयातली, उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी गावातून सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठा शिखराकडे चढते. आम्ही चौघे जानेवारीत इथे आलो ते शिखरासाठी कमी आणि झाडांसाठी जास्त.

हा आमचा पहिला फोटो. डोळ्यांना शुभ्र दिसणारा बर्फ त्यात राखेसारखा करडा उतरला आहे आणि देवदाराचे खोड काळेठिक्कर पडले आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे चौकटभर पांढरे आले की उजेड फार झाला असे समजून तो फोटो काळवंडून टाकतो. आमच्याकडे मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापसाच्या गंजीचे फोटो काढताना हेच होते. तिथल्याप्रमाणे इथेही आम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवले, तेव्हा कुठे सालीवरच्या भेगा दिसू लागल्या.

सावलीतला बर्फ मात्र निळसरच राहिला, कारण त्याच्यावर ऊन नव्हे, आकाशाचा उजेड पडतो. तो निळा रंग नंतर पुसून टाकणे आम्हाला पटत नाही.

आमच्याकडे बाभळीचा फोटो घ्यायचा म्हटले की मागे गाजरगवत, बांध आणि विजेची तार येतेच. इथे खालचे सगळे बर्फाने झाकल्यामुळे झाड सुटे उभे राहते. खरसू हा इथला ओक हिवाळ्यातही पाने धरून असतो. या पानाची कड काटेरी आहे, पाठीवर तपकिरी लव आहे, आणि त्या लवेत बर्फाचे दोन कण अडकले आहेत.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या.

देवदाराची फांदी भाराने लवते, बर्फ घसरला की झटक्यासरशी वर येते. तो क्षण टिपण्यासाठी आम्ही तासभर एकाच झाडासमोर उभे राहिलो. फांदी तीनदा हलली आणि तिन्ही वेळा आम्ही चुकलो. चौथ्यांदा जे मिळाले ते हे, थोडे हललेले.