खडीची गोधडी: व्हॅनने डेम्पस्टर हायवे

मंडळी, सुट्टीत मुलाबाळांसह व्हॅन घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघायचं म्हटलं की आपण आधी थंडीचा विचार करतो. कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेवर उन्हाळ्यात थंडी फारशी छळत नाही, गाडीची परीक्षा खडी घेते. ती खडी तिथे का आहे, तिथूनच सुरुवात करू.

युकॉनमधल्या डॉसन सिटीपासून पूर्वेला साधारण ४० किमीवर हा रस्ता सुरू होतो आणि सुमारे ७३६ किमी जाऊन इनुविकला पोहोचतो. १९७९मध्ये तो खुला झाला. (तिकीट काढताना किंवा नकाशात शोधताना डॉसन सिटी आणि डॉसन क्रीक यांची गल्लत करू नका. दोन्ही गावं रस्त्याने सुमारे १,९५० किमी लांब आहेत.) खालची जमीन बारमाही गोठलेली. तिच्यावर थेट डांबर टाकलं तर काळा रंग ऊन शोषतो, बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून तिथे एक ते अडीच मीटर जाडीचा खडीचा भराव घातला आहे. जमीन गोठलेलीच राहावी म्हणून पांघरलेली ती गोधडी समजा.

गोधडीच्या कडा मात्र मऊ असतात. फोटोसाठी गाडी कडेला घेतली की उजवी चाकं रुततात आणि भरलेली व्हॅन टुंड्राकडे कलते. थांबायचं ते ठरवून दिलेल्या रुंद जागीच. टुंड्रावर तर चाक घालूच नये. तिथलं शेवाळ चिरडलं की त्याखालचा बर्फ वितळतो, खड्डा पडून पाणी साचतं आणि तो व्रण कित्येक वर्षं भरून येत नाही.

आता टायर. इथली खडी पाटीच्या दगडासारखी, धारदार. साध्या टायरची बाजू ती चिरते आणि बाजूची चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. त्यामुळे दहा प्लायचे, म्हणजे जास्त मजबूत टायर आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या घ्याव्यात. व्हॅनखाली टांगलेली स्टेपनी घरीच एकदा उतरवून बघा. तिची साखळी गंजलेली असली तर चिखलात आडवं पडून ती सुटत नाही. चाकाच्या नटांना कुलूप असेल तर त्याची चावी हाताशी ठेवा. जॅकखाली घालायला ३० सेंमी चौरस, दोन सेंमी जाडीची प्लायवुडची फळी न्या, नाहीतर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खडीत शिरतो. खडीवर आराम वाटतो म्हणून हवा फार कमी करण्याचा मोह होतो, पण भरलेल्या व्हॅनच्या टायरची बाजू त्याने फुगते, तापते आणि नेमकी तीच दगडाला घासते. वेग ६० ते ७०. समोरून ट्रक आला की वेग आणखी कमी करा, उजवीकडे सरा, पण कडेपर्यंत जाऊ नका. काच फुटते ती दोन्ही गाड्यांच्या वेगांच्या बेरजेने.

भाड्याच्या व्हॅनचा करार बुकिंगआधी वाचा. खडीच्या रस्त्यावर नेण्यास मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं.

इंधनाचा हिशोब सोपा आहे, पण चुकवायला जागा नाही. डॉसनला टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप ईगल प्लेन्सला, म्हणजे सुमारे ४०९ किमीवर. भरलेली व्हॅन शंभर किमीला १५ लिटर घेते असं धरलं तरी ६० लिटरच्या वर जातात, शिवाय चढ आणि समोरचा वारा. २० लिटरचा एक कॅन गाडीच्या बाहेर बांधा, मुलं बसतात तिथे आत नको. त्यानंतरचा पंप फोर्ट मॅकफर्सनला, ईगल प्लेन्सहून सुमारे १८० किमी. मधल्या भागात मोबाइलला रेंज नाही, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र लागतं. मदत मागताना किलोमीटरच्या दगडासोबत प्रांतही सांगा, कारण युकॉनची हद्द ४६५ला संपते आणि पलीकडे नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. हद्द ओलांडली की घड्याळही उन्हाळ्यात एक तास पुढे करायचं.

पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फाचा रस्ता, आणि बर्फ फुटतो किंवा धरतो त्या दिवसांत काहीच नाही. पावसाने पील चढली की फेरी थांबते. रोज युकॉनची ५११ ही रस्त्यांची माहिती देणारी सेवा बघा आणि दोन दिवसांचं जास्तीचं जेवण ठेवा: तांदूळ, मूगडाळ, पोहे. चुलीसाठी प्रोपेन घ्या, गार पहाटे ब्युटेनची ज्योत मंदावते. फेरीचा उतार खडीचा असतो. लांब शेपटीच्या व्हॅनचा मागचा बंपर तिथे घासतो, म्हणून अगदी सावकाश, खलाशाच्या हाताच्या खुणेप्रमाणे चढा.

मुलांना सर्वांत जास्त त्रास होतो तो उजेडाचा. रस्त्याच्या सुरुवातीपासून ४०५ किमीवर आर्क्टिक वृत्त ओलांडलं की जूनअखेरीस सूर्य मावळत नाही. खिडक्यांच्या मापाचं काळं कापड शिवून न्या आणि घड्याळ बघून झोपवा. जून-जुलैत डासांचे थवे असतात. २० टक्के इकॅरिडिनचं, अंगाला लावायचं डास पळवणारं औषध सहा महिन्यांवरच्या बाळालाही चालतं. कानामागे आणि घोट्यांना विसरू नका. आणि अस्वलाचा मुलूख असल्याने जेवण झाल्यावर भांडी, खरकटं, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद.

इनुविकला थांबा. तिथल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या जमिनीवरून नेलेल्या दिसतील. रस्त्याखाली जी जमीन आहे, तिचंच हे कारण. पुढे २०१७मध्ये सुरू झालेला सुमारे १३८ किमीचा रस्ता टुक्टोयाक्टुकला, थेट आर्क्टिक महासागराच्या काठावर पोहोचतो. वेळ असेल तर हा तुकडा चुकवू नका. गावालगत इब्युक पिंगो आहे, आत बर्फाचा गाभा असलेली सुमारे ४९ मीटर उंच टेकडी. दुरून बघा, चढू नका.

परतल्यावर डॉसनमध्ये पहिलं काम गाडी धुण्याचं. धूळ दाबायला रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते लोखंड खातं. त्यात मळलेला चिखल चाकांच्या आतल्या बाजूला सिमेंटसारखा वाळतो. तो नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, काठीने खरवडावा लागतो. राहिला तर डांबरी रस्त्यावर वेग घेताच स्टिअरिंग थरथरतं, आणि टायर तपासण्यात अर्धा दिवस जातो.