एनबीडी प्रोब पटलात बसतो कुठं?

[दृश्य: काळ्या पडद्यावर हिरवी कडा असलेली लिपिडची गोल पुटिका]

पेशीपटलाची जाडी जेमतेम 4 ते 5 नॅनोमीटर. ते लिपिड नावाच्या चरबीसारख्या रेणूंच्या दोन थरांचं असतं: डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. त्याच्या आत काय चाललंय हे कळावं म्हणून त्यात चमकणारा रेणू मिसळतात. हा झाला प्रोब. त्याच्या प्रकाशाचा रंग, तीव्रता, तो किती वेळ टिकतो, यांवरून आजूबाजूला पाणी किती आणि लिपिडच्या शेपट्या किती ताठ, हे ठरवतात. पण प्रोब पटलात किती खोल बसलाय हे माहीत नसेल, तर मोजलेला आकडा पटलाच्या कुठल्या थराचा, हेच सांगता येत नाही.

एनबीडी घ्या, हा असाच एक चमकणारा रासायनिक गट. काही फॉस्फोलिपिडांत (पटलातल्या लिपिडांचा एक प्रकार) हा गट शेपटीच्या टोकाला जोडतात. कागदावर चित्र काढलं की तो पटलाच्या मधोमध, तेलकट भागात दिसतो. प्रत्यक्षात एनबीडी ध्रुवीय आहे, म्हणजे त्याला तेलापेक्षा पाण्याची जवळीक मानवते. शेपटी वळते आणि टोक वर, पाण्याच्या बाजूला येतं. अशी खोली मोजायची पॅरॅलॅक्स पद्धत 1987 मध्ये अमिताभ चट्टोपाध्याय आणि अर्विन लंडन यांनी मांडली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत चट्टोपाध्याय यांनी पुढे एनबीडीवर बरंच काम केलं. टोक वळतं कसं आणि कशाला धरून राहतं, हे अणूंच्या पातळीवर सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर अणूंची हालचाल चालवून, पाहता येतं.

[दृश्य: संगणकावर लिपिडचे दोन थर, वर-खाली पाणी]

डीपीपीसी या एका फॉस्फोलिपिडचे 128 रेणू घेऊ, प्रत्येक थरात 64. दर लिपिडमागे पाण्याचे 40 रेणू. एकूण सुमारे 32,000 अणू. प्रत्येक थरातला एक लिपिड काढून तिथे प्रोब बसवायचा, दोन्ही प्रोब एकमेकांपासून आडवे लांब ठेवून. प्रयोगात प्रोबचं प्रमाण बहुधा शंभरात एक किंवा त्याहून कमी असतं. त्यामुळे याहून लहान बॉक्स (सिम्युलेशनची जागा) घेऊ नये. घेतला तर प्रोबचा परिणाम सगळ्या पटलावर पसरतो आणि तुलनेला मोकळा लिपिडच उरत नाही.

तापमान 323 केल्विन. डीपीपीसी 314 केल्विनच्या खाली जेल होतो, म्हणजे शेपट्या गोठल्यासारख्या ताठ होतात, तिथे प्रोब अडकून पडतो. दाब 1 बार, पण पटलाच्या पातळीत आणि उभ्या दिशेत वेगवेगळा जोडलेला, म्हणजे बॉक्स दोन्हीकडे स्वतंत्रपणे ताणू-आकसू शकतो. तिन्ही दिशा एकत्र बांधल्या तर पटलाला स्वतःचं क्षेत्रफळ शोधता येत नाही. प्रोब घालण्याआधी नुसतं पटल चालवून पाहावं: दर लिपिडमागे सुमारे 0.63 चौरस नॅनोमीटर यायला हवेत. हा आकडा चुकला तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रोबच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे त्याच्या अणूंचे प्रभार आणि बंध यांच्या आकड्यांमध्ये. लिपिडचे पॅरामीटर तयार मिळतात, एनबीडीचे बहुधा आपणच काढायचे असतात. अणूंवरचे अंशप्रभार क्वांटम गणितातून येतात, पण ते लिपिडच्या फोर्स फील्डच्याच (अणूंमधली बलं ठरवणाऱ्या नियमसंचाच्या) रीतीने काढलेले हवेत. रीत मिसळली की एनबीडी हवा त्यापेक्षा जास्त किंवा कमी ध्रुवीय होतो आणि त्याची खोलीच बदलते. दुसरी जागा म्हणजे एनबीडीच्या कड्याला, म्हणजे अणूंच्या वलयाला, नायट्रोजनशी जोडणारा बंध. तो अंशतः दुहेरी आहे. फिरायला मोकळा सोडला तर कडं गरगर फिरतं आणि प्रोब कुठल्या दिशेला झुकलाय याचं उत्तर चुकतं. म्हणून हा बंध थोडा थोडा वळवून, दर टप्प्याची ऊर्जा क्वांटम गणिताशी ताडून पाहायची.

[दृश्य: एक शेपटी सरळ खाली, दुसरी वर वळलेली]

आता खरी कसोटी. एकच सिम्युलेशन कधीच पुरेसं मानू नये. एका धावेत एनबीडी मधोमध ठेवायचा, दुसऱ्या धावेत पृष्ठभागाजवळ. 2 फेम्टोसेकंदांच्या पावलाने 500 नॅनोसेकंद म्हणजे 25 कोटी पावलं. दोन्ही धावा एकाच खोलीवर येऊन टेकल्या तर उत्तरावर भरवसा ठेवावा. नाही टेकल्या, तर वेळ वाढवायचा, किंवा एनबीडीला दर 0.1 नॅनोमीटरवर गणिती स्प्रिंगने धरून प्रत्येक खोलीची मुक्त ऊर्जा (तिथे राहणं किती सोयीचं याचं माप) काढायची. अशी धरलेली प्रत्येक खोली म्हणजे एक खिडकी. शेजारच्या दोन खिडक्यांतले एनबीडीच्या जागांचे आलेख एकमेकांवर चढलेले नसतील, तर तिथे मधली खिडकी घालायलाच हवी.

नीट जमलेल्या सिम्युलेशनमध्ये एनबीडी ग्लिसरॉल आणि कार्बोनिलच्या पट्ट्यात, म्हणजे लिपिडचं डोकं आणि शेपट्या जिथे जुळतात तिथे, आढळतो. खोली मोजताना शून्य पटलाच्या मध्यावर धरावं, बॉक्सच्या नव्हे. पटल हळूहळू सरकत असतं.

मग प्रोबने शेजाऱ्यांना किती ढकललं ते पाहायचं. एक नॅनोमीटरच्या आतल्या लिपिडांच्या शेपट्यांची सुव्यवस्था (त्या किती ताठ आहेत) आणि लांबच्यांची, वेगळी मोजायची. फरक मोठा असेल तर प्रयोगातली चमक अस्पर्शित पटलाची नाही, प्रोबने बदललेल्या जागेची आहे.

आणि हे सगळं प्रोबच्या मूळ अवस्थेचं. प्रकाश शोषल्यावर एनबीडीचा प्रभार सरकतो, तो काही नॅनोसेकंद तसाच राहतो आणि शेजारचं पाणी त्याभोवती नव्याने जुळतं. प्रकाशाच्या रंगाबद्दल बोलायचं असेल, तर उत्तेजित अवस्थेचे प्रभार वेगळे काढून, मूळ धावेतल्या अनेक चौकटींपासून (टिपून ठेवलेल्या क्षणांपासून) छोट्या धावा पुन्हा सुरू कराव्या लागतात.